पत्त्यांचे कायदे कोणी लिहिले?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘पत्त्यांच्या खेळाचे लेखी नियम’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा महागाई, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलेल अशी त्यांची समजूत होती. “विषय जरा हलका नाही का होणार?” असे त्यांनी भीतभीतच विचारले. हलका की भारी हे आपण शेवटी ठरवावे. मी विद्यापीठातून आलेला माणूस नाही. माझी शाळा दहावीपाशी थांबली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली आणि फुटपाथवर विकत घेतलेल्या जुन्या पुस्तकांत झाले. तेव्हा पंडितांनी माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. मात्र ज्याची खात्री नाही ते मी सांगणार नाही, एवढे वचन देतो.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला तेवढे प्रथम सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पहिले दोन महिने सभा, मोर्चे, घोषणा यांत गेले. पुढे दिवस लांबत चालले, तशी काही माणसे गावी गेली आणि उरलेली चाळीच्या गॅलरीत मेंढीकोट खेळत बसू लागली. दुसरे करणार काय? हाताला काम नव्हते आणि घरात तोंड दाखवण्याची लाज वाटत होती. सुरुवातीला आमच्याच मजल्यावरचे चार जण बसत. मग खालचे आले, मग शेजारच्या चाळीतले आले. आणि नेमके तेव्हापासून भांडण सुरू झाले. एके दुपारी दोन-दोन मेंढ्या झाल्या, म्हणजे दोन दश्श्या इकडे आणि दोन तिकडे. डाव कोणाचा? आमचे म्हणाले, ज्यांचे हात सात त्यांचा. पाहुणे म्हणाले, “आमच्याकडे असा डाव मोडतात, पुन्हा वाटतात.” शब्दाला शब्द लागला, पत्ते गॅलरीतून खाली उडाले, एकाने दुसऱ्याची गचांडी धरली. डावावर लागले होते काय, तर विड्यांचे एक बंडल!

साळखात्यातले एक वयस्क कामगार तिथे होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. ते उठले, माझ्या दप्तरातला खडू मागून घेतला आणि म्हणाले, “आमच्याकडं-तुमच्याकडं पुरे झालं. इथं काय चालायचं ते लिहू या.” आधी त्यांनी पाहुण्यांना बोलू दिले, मग आमच्यांना. जे दोघांना पटले ते भिंतीवर लिहिले. अशी सात कलमे झाली. दोन-दोन मेंढ्या झाल्या तर सात हातवाल्यांचा डाव. हातात रंग असून न दिल्यास डाव समोरच्यांचा. आणि सातवे कलम असे की, बघ्याने तोंड उघडले तर सगळ्यांचा चहा त्याने द्यायचा. त्या दिवसानंतर वाद झाले नाहीत असे नाही. परंतु वाद झाला की माणसे एकमेकांच्या गळ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहू लागली.

पुढे मोठेपणी मला प्रश्न पडला की, खेळाचा नियम माणसे मुळात लिहितात कधी? आणि लिहिलेला नियम कोणाचा असतो? त्याचा मागोवा घेता घेता मी बराच दूर गेलो. तो प्रवास आज आपल्यापुढे मांडतो.

युरोपात पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. त्यांच्याविषयीचे अगदी आरंभीचे जे सरकारी लेख सापडतात, ते ते कसे खेळावे हे सांगणारे नाहीत. खेळू नका असे सांगणारे आहेत. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराने १३७७ साली असा मनाई करणारा ठराव केला. म्हणजे पत्त्यांची कागदावर पहिली ओळख झाली ती गुन्हा म्हणून. आणि गुन्हा कोणाचा? इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथे १४९५ साली आणि पुन्हा १५४१ साली कायदे झाले. कारागीर, शेतमजूर, उमेदवार, नोकरचाकर यांनी नाताळचे दिवस सोडून पत्ते खेळू नयेत असे त्यांत ठरले. नाताळातही खेळायचे ते मालकाच्या घरात, मालकाच्या नजरेखाली. धनिकांच्या दिवाणखान्यात मात्र वर्षभर डाव रंगत होते. कष्टकऱ्यांच्या फुरसतीवर पहारा ठेवण्याची ही रीत किती जुनी आहे हे ध्यानी घ्यावे.

मग खेळण्याचे नियम का लिहिले जात नव्हते? उत्तर साधे आहे. जे सगळ्यांना ठाऊक असते ते कोणी लिहीत नाही. आपल्याकडचाच दाखला देतो. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आइन-ई-अकबरी’त अकबराच्या पत्त्यांचे भरपूर वर्णन केले आहे. कोणत्या रंगाचा राजा कशावर बसला आहे, त्याचा वजीर काय करतो आहे, सारे तपशील त्यात आहेत. पण हा खेळ मांडायचा कसा आणि जिंकायचा कसा, याविषयी तो सांगत नाही. सांगायचे कोणाला? दरबारात ज्याला त्याला येतच होते.

इंग्लंडमध्येही तेच झाले. चार्ल्स कॉटन नावाच्या लेखकाने १६७४ साली ‘द कम्प्लीट गेमस्टर’ हे पुस्तक छापले. त्यात अनेक खेळ सांगितले. व्हिस्ट नावाच्या खेळापाशी आल्यावर मात्र त्याने लेखणी आवरती घेतली. हा खेळ आठ वर्षांच्या पोरालाही येतो, तेव्हा मी त्याविषयी अधिक काय लिहू, अशा अर्थाचे तो बोलतो. याउलट पिके नावाचा खेळ फ्रान्सचा. तो इंग्रजांना परका, म्हणून त्याचे नियम १६५१ सालीच लंडनमध्ये इंग्रजीत उतरले होते. खुद्द पॅरिसमध्ये १६५४ साली अनेक खेळांचे नियम एकत्र सांगणारे पुस्तक निघाले होते. परक्याला शिकवायचे असेल तर लिहावे लागते. घरच्याला शिकवायचे तर मांडीवर बसवले की झाले.

आता ज्या व्हिस्टविषयी कॉटनला लिहावेसे वाटले नाही, त्याच खेळाचे कायदे पुढे जगातल्या सर्व पत्त्यांच्या कायद्यांचे मूळ पुरुष ठरले. ही उलटापालट कशी झाली?

व्हिस्ट म्हणजे काय ते आधी सांगतो. चौघे खेळणारे, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, वाटणाऱ्याचे शेवटचे पान उघडायचे आणि त्याचा रंग तो हुकूम. आपल्या मेंढीकोटाची जातकुळी तीच. फार काळ हा खेळ नोकरांच्या खोलीतला आणि खेड्यातला समजला जाई. प्रतिष्ठितांच्या बैठकीत त्याला जागा नव्हती. १७२८च्या सुमारास लंडनच्या बेडफर्ड रो भागातल्या क्राउन कॉफीहाउसात जमणाऱ्या काही सरदार मंडळींनी तो मनापासून अभ्यासायला घेतला, आणि बघता बघता तो दिवाणखान्यात शिरला. दिवाणखान्यात पैसा आला. कॉफीहाउसात ज्याची जात-पात, घर-दार ठाऊक नाही असा माणूस समोर बसू लागला. कालपर्यंत आठ वर्षांच्या पोराला येणारा खेळ आता शिकवणी लावून शिकावा लागला. ती शिकवणी देणारा माणूस म्हणजे एडमंड हॉइल.

हॉइलच्या पूर्वायुष्याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत, त्या सोडून देऊ. एवढे पक्के की तो लंडनमध्ये खानदानी लोकांना व्हिस्टचे धडे देई आणि विद्यार्थ्यांसाठी त्याने टिपणे तयार केली होती. १७४२ साली त्याने ती पुस्तकरूपाने छापली. या छोटेखानी पुस्तकाच्या लांबलचक नावातच दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या: एक खेळाचे कायदे, आणि दुसरे नवशिक्याला चांगले खेळता यावे म्हणून दिलेले धडे. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. कायदा सर्वांना बांधतो, धडा फक्त जो घेईल त्याच्या उपयोगी पडतो. आपल्या सार्वजनिक जीवनात अनेकदा मोठ्यांचे सल्ले कायदा म्हणून लादले जातात आणि कायदे सल्ल्यासारखे गुंडाळून ठेवले जातात.

पुस्तकाची किंमत होती एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळच्या लंडनमधल्या साध्या मजुराची ती दीड-दोन आठवड्यांची मजुरी झाली. म्हणजे नियम लिहिला गेला, पण तो विकत घेण्याची ऐपत ज्याच्यापाशी होती त्याच्यापुरता. पुढची कथा रंगतदार आहे. हॉइलने पुस्तकाचे हक्क फ्रान्सिस कोगन या पुस्तकविक्रेत्याला विकले. दुसरी आवृत्ती निघण्याआधीच चोरट्या छापखानेवाल्यांनी खोटी नावे धारण करून ते पुस्तक छापले. कोगन कोर्टात गेला आणि त्याने मनाई हुकूम मिळवला. हा हुकूम पत्त्यांतला नसल्यामुळे त्याने हात काही जिंकता आला नाही. मग कोगनने किंमत दोन शिलिंगांवर आणली आणि अस्सल प्रतीची खूण म्हणून प्रत्येक प्रतीवर हॉइलची सही घेऊ लागला. सहीमागे हॉइलला दोन पेन्स मिळत. एवढे करूनही १७४५ साली कोगनचे दिवाळे निघाले आणि हक्क टॉमस ऑस्बोर्नकडे गेले. चोरांचे समर्थन मी करत नाही. परंतु गिनीचे पुस्तक दोन शिलिंगांना मिळू लागले ते त्यांनी आणलेल्या दडपणामुळेच, हेही नाकारता येत नाही.

हॉइल १७६९ साली वारला. तोवर त्याचे नाव हेच प्रमाण झाले होते. इंग्रजीत आजही ‘हॉइलप्रमाणे’ म्हणजे ‘नियमाला धरून’ असा वाक्प्रचार आहे. पोकर हा खेळ अमेरिकेत जन्मला तो हॉइलच्या मरणानंतर कित्येक वर्षांनी. तरी पोकरचे नियम सांगणाऱ्या पुस्तकांवरही त्याचेच नाव छापले जाते. मला या साऱ्या शोधाची वाट मिळाली ती अशाच एका फाटक्या पुस्तकामुळे. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ते मला मिळाले. शब्दकोश उशाशी घेऊन सहा महिने ते वाचले. हॉइल दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेला आहे हे मला ते वाचून झाल्यावर कळले!

परंतु एका शिक्षकाचे पुस्तक कायदा कसे होईल? पुस्तक सांगते ते खरे असे कोणी ठरवायचे? इथे इतिहासाचा पुढचा टप्पा येतो. १७६० साली लंडनच्या व्हाइट्स आणि सॉन्डर्स या दोन चॉकलेटगृहांच्या सभासदांनी व्हिस्टचे कायदे सुधारून घेतले आणि ते हॉइलच्या आवृत्त्यांत छापले जाऊ लागले. शंभर वर्षे तेच चालले. दरम्यान खेळ बदलला. दहा गुणांचा डाव पाच गुणांचा झाला, जुने कायदे अपुरे पडू लागले, आणि क्लबाक्लबांत पुन्हा ‘आमच्याकडे असे, तुमच्याकडे तसे’ सुरू झाले. तेव्हा जॉन लोरेन बॉल्डविन याच्या सूचनेवरून आर्लिंग्टन क्लबात समिती बसली. तिचा मसुदा पोर्टलँड क्लबाच्या समितीकडे तपासायला गेला. तिथले प्रमुख जेम्स क्ले हे पार्लमेंटचे सभासद होते आणि व्हिस्टचे नामांकित खेळाडूही. १८६४ साली हे नवे कायदे प्रसिद्ध झाले आणि लंडनच्या मोठमोठ्या क्लबांनी ते मान्य केले.

हे कायदे मी वाचले तेव्हा मला आमची चाळीची भिंत आठवली. हातात रंग असून तो न देणाऱ्याला जबर शिक्षा: त्याचे तीन हात समोरच्यांनी काढून घ्यावेत, किंवा आपले तीन गुण वाढवावेत, किंवा त्याचे तीन कमी करावेत. कोणते करायचे ते ज्याचे नुकसान झाले त्याने निवडावे. आणि बघ्यांविषयीचे कलम ऐका. एखाद्या बघ्याने बोलून गुणांच्या बाबतीतली चूक खेळणाऱ्याच्या लक्षात आणून दिली, तर लावलेली सारी रक्कम त्याच्याकडून भरून घेण्याचा हक्क खेळणाऱ्यांना आहे! मात्र सर्व खेळणाऱ्यांच्या संमतीने त्याच बघ्याला पंच म्हणून निवाडा देता येतो. आमच्या आबांनी पोर्टलँड क्लबाचे नाव कधी ऐकले नव्हते. संपावरच्या कामगारांना जे चहाच्या भाषेत सुचले, तेच लंडनच्या उमरावांना पौंडांच्या भाषेत सुचले होते. न्यायबुद्धी कोणा एका वर्गाच्या मालकीची नाही, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

फरक होता तो दुसरीकडे. चाळीच्या भिंतीवरची कलमे खेळणाऱ्यांनी, सर्वांदेखत, परक्याला आधी बोलायला लावून लिहिली. लंडनची कलमे बंद दाराआड बसलेल्या मूठभर सभासदांनी लिहिली, आणि ज्या नोकरांच्या खोलीतून हा खेळ वर आला होता त्या खोलीला कोणी विचारले नाही.

त्या कायद्यांच्या शेवटी एक भाग आहे तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिष्टाचाराच्या काही गोष्टी तिथे दिल्या आहेत. खेळताना हावभाव करू नये, नाराजी किंवा आनंद दाखवून भिडूला इशारा देऊ नये, अशा त्या गोष्टी. आणि समितीने प्रांजळपणे कबूल केले आहे की यांना आम्ही कायदा म्हणत नाही, कारण त्या मोडणाऱ्याला शिक्षा करणे अवघड, काही ठिकाणी अशक्यच. मग उपाय? उपाय एकच सांगितला आहे: जो माणूस हे वारंवार मोडतो त्याच्याबरोबर खेळणे बंद करावे. मंडळी, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसाच बसलो. जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे उठून जाण्याचा हक्क तेवढा उरतो, हे उमरावांच्या क्लबाने लिहून ठेवले आहे. आम्ही तेच केले की त्याला संप म्हणतात.

आता हे सारे माझ्या कामाशी कुठे येऊन मिळते ते सांगतो. अठराव्या वर्षी मी एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. फाटकाशी काचेच्या चौकटीत कारखान्याची नियमावली लावलेली होती. इंग्रजीत. उन्हाने अक्षरे पिवळी पडलेली, काचेवर धूळ. माझ्या शेजारच्या मशीनवर कोकणातला एक जण होता. आई आजारी म्हणून तो पंधरवड्याची रजा घेऊन गावी गेला. आईचे झाले, बारावे-तेरावे झाले, पावसाने रस्ते बंद झाले. रजा संपल्यावर बऱ्याच दिवसांनी तो परत आला. फाटकावर त्याला कळले की ठरावीक मुदतीत हजर न झाल्याने त्याचा नोकरीवरचा हक्क गेला. कलम चौकटीत होते. त्याच्यासमोरून तो सहा वर्षे रोज गेला होता. मुदत वाढवून घेण्यासाठी गावाहून एक अर्ज टाकला असता तर निदान लढायला आधार मिळाला असता. तो म्हणाला, “मला कोणी सांगितलंच नाही.” तो हिशेब घेऊन गेला, पुन्हा आला नाही.

तेव्हा मला ठाऊक नव्हते की औद्योगिक रोजगार स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा अशी नियमावली इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वारापाशी लावायला सांगत होता. त्या कायद्याआधी कामगाराचे तास, रजा, शिक्षा हे बहुतेक मालकाच्या किंवा जॉबरच्या तोंडात असे. तोंडातला नियम माणूस पाहून बदलतो. म्हणून तो लिहून घेणे ही आमच्या आधीच्या पिढीची मोठी कमाई होती. पण लिहिलेला नियम वाचता येत नसेल तर तो गिनीच्या पुस्तकासारखाच होय. युनियनमध्ये आल्यावर मी पहिले काम केले ते त्या चौकटीतल्या कलमांचे मराठी करून, सायक्लोस्टाइल काढून, प्रत्येकाच्या हातात देण्याचे. मूळ कायदा शंभर किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत हा विषय सामावून घेताना ती मर्यादा तीनशेवर नेण्यात आली. म्हणजे त्या संहितेखाली छोट्या कारखान्यातला नियम पुन्हा तोंडात जाण्याची वाट मोकळी झाली. यावर आपली मते वेगळी असू शकतील. पण पत्त्यांचा इतिहास काय शिकवतो तेवढे मी सांगतो आहे.

न लिहिलेल्या नियमाचे काय होते हे पाहायचे तर आपल्या सावंतवाडीकडे वळावे. तिथली दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने, एकूण १२० पत्ते. तिघांनी खेळायचे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा उतारी रामाची, रात्री कृष्णाची. केवढी कल्पक रचना! छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेली गंजिफा मागे पडली, हे तिच्या ऱ्हासाचे मोठे कारण खरेच. सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी केली, म्हणून पत्ते आज डोळ्यांना दिसतात. मुंबईत राहिलेल्या रूडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफा गोळा करून, अभ्यासून १९८२ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रे वाचली, पण डाव मांडणारे किती उरले? लोक ती गंजिफा भेट म्हणून विकत घेतात आणि भिंतीवर टांगतात. व्हिस्टही आज फारसे कोणी खेळत नाही. परंतु त्याचा कायदा पोटात घेऊन ब्रिज जगला. हॅरोल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली एका बोटीच्या प्रवासात ब्रिजची नवी गुणपद्धत बसवली, आणि १९३२ साली लंडनचा पोर्टलँड क्लब, न्यूयॉर्कचा व्हिस्ट क्लब आणि फ्रान्सची ब्रिज समिती यांनी मिळून पहिली आंतरराष्ट्रीय नियमावली केली. तेव्हापासून या खेळात ‘आमच्याकडे’ हा शब्द बोलण्याची सोय उरली नाही.

शेवटी आजच्या काळाकडे येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला. कारण काय दिले? पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, पाने जुळवायला डोके लागते. परंतु तो निवाडा देताना न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर टेबल होते, टेबलाभोवती माणसे होती. पुढे तीच रमी मोबाइलमध्ये शिरली. पत्ते कोण पिसतो, समोर माणूस बसला आहे की यंत्र, हे खेळणाऱ्याला दिसेना. नियम लिहिलेले होते खरे. पानेच्या पाने, बारीक इंग्रजीत, आणि खाली ‘मान्य आहे’ म्हणून बोट लावण्याची जागा. माझ्या ओळखीच्या किती तरुण कामगारांनी तिथे पगार घातले ते मी पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद इथे करत नाही. १३७७ सालच्या फ्लॉरेन्सपासून बंद्या होतच आल्या आहेत. मला एवढेच दिसते की, हॉइलच्या वेळी नियम श्रीमंताच्या कपाटात होता, माझ्या कारखान्यात तो धुळीच्या काचेमागे होता, आणि आता तो यंत्राच्या पोटात गेला आहे. लिहिलेला आहे, पण वाचता येत नाही.

तेव्हा नियम लिहिला म्हणजे काम संपले असे नाही. तो ज्यांना पाळायचा आहे त्यांना विचारून लिहिला का, त्यांच्या भाषेत आहे का, आणि हात लांबवला तर त्यांच्या हाताला लागतो का, हे तीन प्रश्न प्रत्येक नियमाला विचारावे लागतात, मग तो पत्त्यांचा असो, कारखान्याचा असो की नगरपालिकेचा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती कपाटातले ज्ञान चारचौघांत यावे म्हणूनच.

आमची चाळ आता नाही. तिच्या जागी उंच इमारत आहे. आबांची सात कलमे त्याच वर्षीच्या पावसाच्या झडीने धुऊन गेली होती. परंतु पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता शेजारच्या चाळीतल्या एकाने खडू घेतला आणि ती पुन्हा लिहिली. त्याला ती पाठ होती. ज्याने पहिल्या दिवशी गचांडी धरली होती, तोच हा माणूस.